डॉ. केशवराव कर्णिक यांची रविवारची बंद खोली

बोर्ली पंचतनच्या मराठी शाळेत मी मास्तर म्हणून रुजू झालो, त्याच आठवड्यात माझ्या मानेवर करट उठले. मान वळवता येईना. रविवारी सकाळी विचारत विचारत डॉक्टर केशवराव कर्णिकांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने, ज्यांना पुढे मी वहिनी म्हणू लागलो, मला ओटीवरच थांबवले.

"बसा मास्तर. ते आत हत्यार पुसताहेत. तेवढा वेळ त्या खोलीत कुणी जायचं नाही. मीसुद्धा जात नाही."

मी अवघडून बसून राहिलो. काही वेळाने आतली कडी वाजली आणि डॉक्टर बाहेर आले. त्यांनी साबणाने दोनदा हात धुतले, मगच माझ्या मानेला बोट लावले.

"ताटकळत ठेवलं म्हणून रागावला नाहीत ना?" त्यांनी विचारले.

"दुखत होतं फार."

"करटानं माणूस मरत नाही, मास्तर. आत चुकलो असतो तर मेला असता."

हा आमचा पहिला परिचय. आज डॉक्टरांच्या साठीनिमित्त हा ग्रंथ निघत आहे. त्यांच्या वैद्यकीबद्दल लिहिणारे माझ्याहून जाणते लोक पुष्कळ आहेत, म्हणून त्या बंद खोलीबद्दल मी लिहितो.

महायुद्धात डॉक्टर लष्करी इस्पितळात होते. तिकडून परतताना त्यांनी आपले रिव्हॉल्वर सोबत आणले आणि संस्थानचा रीतसर परवाना काढला. तळा गावापर्यंतच्या आडवाटेच्या वस्त्यांतून त्यांना बोलावणी येत. वाटेत रान दाट, बिबट्याचा वावर नेहमीचा. तरी या मुलखात आपण ते एकदाही झाडलेले नाही, असे डॉक्टर सांगतात. पण पुसले मात्र दर रविवारी. आमच्या खाऱ्या हवेत सुईलासुद्धा आठ दिवसांत गंजाची तांब चढते.

पुसण्याची त्यांची रीत मी एकदा विचारून घेतली होती. दिवा लावून हे काम करायचे नाही, कारण तेल आणि ज्योत जवळ नको. दिवसाउजेडी, खिडकी उघडी ठेवून बसायचे. नळीचे तोंड सदैव जांभ्याच्या जाड भिंतीकडे आणि बोट घोड्यापासून दूर. आधी चक्र उघडून गोळ्या काढायच्या, डब्यात घालून तो डबा दुसऱ्या खोलीत ठेवून यायचा, आणि परत आल्यावर चक्राचे प्रत्येक घर पुन्हा डोळ्यांनी पाहून बोटाने चाचपायचे. मगच चिंधी आणि तेल घ्यायचे. गजाला चिंधी गुंडाळून नळीतून फिरवायची, ती स्वच्छ निघेपर्यंत. शेवटी तेलाचा नुसता हात फिरवायचा, कारण घामाच्या बोटाचा ठसा राहिला तरी तिथे गंज धरतो. चामड्याच्या म्यानात ठेवायचे नाही, चामडे ओल धरते. रिव्हॉल्वर एका पेटीत, गोळ्या दुसऱ्या पेटीत, दोन्हींना कुलपे आणि चाव्या वेगवेगळ्या.

त्यांची बैलगाडी हाकणारा गोमा एकदा वाटेत रिव्हॉल्वरकडे बघून म्हणाला, "डागतर, त्यात गोली न्हाय ना? मंग माज्या हातान द्या की जरा. बगतो कसा लागतो त्यो."

"गोळी नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

"तुमीच तर सकाली बोल्लात."

"मी सांगितलं म्हणून खरं मानायचं नाही, गोमा. मी चुकलो असेन तर? हत्यार भरलेलंच आहे असं धरून चालायचं. कायम."

त्यांनी ते त्याच्या हाती दिले नाही. गोमा दोन दिवस रुसून होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या मुलीला ताप भरला, तेव्हा डॉक्टर न बोलावता त्याच्या झोपडीत जाऊन रात्रभर बसले.

श्रीवर्धनच्या एका बड्या बागाईतदाराच्या घरच्या लग्नात मी डॉक्टरांबरोबर होतो. वरात दाराशी आली तेव्हा यजमान म्हणाले, "डॉक्टर, दोन बार होऊन जाऊ द्या आभाळात!" डॉक्टरांनी नम्रपणे नकार दिला. यजमानांनी चारचौघांत आग्रह धरला, मग थट्टा केली. डॉक्टर एवढेच म्हणाले, "वर गेलेली गोळी खाली येतेच. कुणाच्या अंगणात येईल ते मला दिसत नाही." त्या घराने पुढे त्यांना बोलावणे बंद केले. डॉक्टरांनी त्याचा कधी उच्चारही केला नाही.

मग वहिनींना विषमज्वर झाला. आसपासच्या गावांचे ताप उतरवणाऱ्या डॉक्टरांना घरचा ताप उतरवता आला नाही. त्यांना मूलबाळ नव्हते. आप्त दिवसकार्य आटोपून मुंबईला परतले आणि त्या मोठ्या घरात डॉक्टर एकटे उरले. रोगी तपासणे त्यांनी एक दिवसही थांबवले नाही. पण बोलणे थांबले. नाडी पाहायची, औषध द्यायचे आणि पुढच्याला हाक मारायची. संध्याकाळी मी जाऊन बसे. ते झोपाळ्यावर, मी खुर्चीवर. तासभर कुणी काही बोलत नसे. मीही एकटाच राहणारा माणूस, त्यामुळे ते गप्प बसणे मला जड गेले नाही. मात्र त्यांच्या गप्प बसण्यात काय चालले होते ते मला समजले नाही.

असाच एक रविवार आला. मी ओटीवर टेकलो तेवढ्यात आतून हाक आली, "मास्तर, आत या."

मी दारातच थबकलो. इतक्या वर्षांत त्या खोलीत रविवारी कुणी पाऊल टाकले नव्हते. डॉक्टर मेजाशी बसले होते. रिव्हॉल्वर भिंतीकडे तोंड करून उघडे पडले होते, गोळ्या डब्यात होत्या. डबा अजून मेजावरच होता आणि डॉक्टरांचा हात त्याच्या झाकणावर होता.

"हा डबा पलीकडच्या खोलीत ठेवून या," ते म्हणाले. "आज माझ्यानं उठवत नाही."

मी डबा ठेवून आलो. त्यांनी प्रत्येक घर चाचपले, चिंधी घेतली, आणि ती हातात धरूनच बोलले.

"मास्तर, हे घरात ठेवायला मी आज लायक नाही. रीत सगळी पाळतोय, पण रीत पाळणारा माणूस जागेवर असावा लागतो. तो नाही. गेले काही दिवस वाईट विचार येतात."

मी खाली सतरंजीवरच बसलो. "मग काय करायचं?" एवढेच मला सुचले.

"श्रीवर्धनच्या ठाण्यात जमा करायचं. आजच. एकटा निघालो तर वाटेतून परत फिरेन. तुम्ही चला."

त्यांनी नेहमीप्रमाणे पुसून, तेल लावून ते पेटीत ठेवले. गोमाने गाडी जुंपली. पेटी डॉक्टरांजवळ, डबा गाडीच्या दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये मी. वाटेत त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, तो श्रीवर्धनच्या पोफळी दिसेपर्यंत काढला नाही.

फौजदार त्यांचे रोगी होते. ते चकित होऊन म्हणाले, "अहो, रानातून फिरता तुम्ही. हत्यार आमच्याकडे कशाला?"

"मी घरात एकटा असतो," डॉक्टर म्हणाले. "सध्या माझ्याजवळ हे नको."

फौजदारांनी त्यांच्याकडे नीट पाहिले. काही न विचारता पावती फाडली, आणि दोघांना चहा पाजल्याशिवाय सोडले नाही.

त्या दिवसापासून डॉक्टर रात्रीचे जेवण माझ्याकडे घेऊ लागले. मला भात आणि आमटीपलीकडे काही येत नसे. पुष्कळ दिवस ते दोन घास खाऊन उठत. नंतर कधीतरी आमटी खारट झाल्याची तक्रार त्यांनी केली, आणि मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पानात आणखी भात वाढला. दुःख संपले असे मी म्हणणार नाही. वहिनींची जागा आजही रिकामीच आहे. पुढे परवान्याची मुदत भरली तेव्हा फौजदारांनी निरोप पाठवला. डॉक्टरांनी परवाना परत केला आणि हत्यार कायमचे सरकारजमा केले. "आता भीती नाही," ते मला म्हणाले, "पण गरजही नाही." रानातून जाताना आता गोमा कंदील धरतो आणि मोठ्याने गातो. त्याच्या आवाजाला बिबट्यासुद्धा भितो, असे डॉक्टर म्हणतात.

हे सगळे छापावे की नाही, असे मी त्यांना विचारले. त्यांनी पायाने झोपाळा थांबवला. मग म्हणाले, "लिहा. या पंचक्रोशीत असा एकटा आणखी कुणी असेल. त्याला कळू दे, की हाक मारता येते."

डॉक्टरांचे धैर्य मोठे, असे सगळेच लिहितील. मला त्यांचे सर्वांत मोठे धैर्य त्या हाकेत दिसले. देवाने त्यांना भरपूर आयुष्य आणि धडधाकट शरीर द्यावे, एवढे मागणे आहेच. पण वाचकहो, थोडे तुमच्याकडेही मागतो. संध्याकाळी ते ओटीवरच्या झोपाळ्यावर एकटेच बसलेले असतात. त्या वाटेने गेलात तर आत वळा. काही दुखत नसले, तरीही.