राणीच्या अंगठ्यावरचा व्रण

सहदेव परबच्या ओळखीची राणी एकच, आणि तिला त्याने एकवीस वेळा रंगवलं. मरोळच्या कारखान्यात हॉटेलं आणि लग्नाच्या हॉलांसाठी जुन्या युरोपी तैलचित्रांच्या नकला होतात. त्यांत साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही राणी सगळ्यांत खपाऊ. मागे काळोख, गळ्यात मोती, लेसची भली मोठी कॉलर, आणि अख्खं जग आपलं नोकर असल्याचा चेहरा.

मूळ चित्राची जी छापील प्रत आली, तिच्यात राणीचे हात अंधारात गडप झालेले. मग सहदेवने भांडुपच्या खोलीत बायकोलाच मांडीवर हात ठेवून बसवलं. "ओ, राणीचे हात असे राठ असतत काय?" सुलक्षणा म्हणाली आणि तासभर बसली. डाव्या अंगठ्यावर विळीने कापल्याचा आडवा व्रण होता. दिसेल ते उतरवायचं ही नकला करणाऱ्याची खोड, त्यामुळे तोही रंगवला गेला. पुढे तेच हात प्रत्येक राणीला लागले. राणीच्या अंगठ्याकडे बघतो कोण?

सुलक्षणा गेली तेव्हा तेराव्याला ठेवायला फोटो नव्हता. फोटोच्या वेळी बाई नेमकी स्वयंपाकघरात असायची. त्यांच्या मुलाने, निलेशने, आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात ती कुणालाच ओळखू येईना.

"बाबा, तुम्ही काढा ना."

सहदेव दोन दिवस कॅनव्हाससमोर बसला. तिचा चेहरा काही केल्या आठवेना. रडूही आलं नाही. लोक म्हणाले, माणूस घट्ट आहे. कसला घट्ट, त्याला हातातला चहा गरम की गार तेही कळत नव्हतं. शेवटी आधारच्याच फोटोला हार चढला.

पंधराव्या दिवशी तो कामावर गेला. मुलुंडच्या एका हॉलला दोन राण्या हव्या होत्या. पहिली त्याने आधीच संपवली होती, दुसरीचे हात बाकी होते.

"सहदेव, पार्टीने मोबाईलवर झूम करून बघितलंय," मालक जयवंत म्हणाला. "अंगठ्यावर डाग आहे म्हणतात. झाकून टाक ना यार, दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचंच होतं. सहदेवने वरून अंगाचा रंग फिरवला, व्रण गेला. त्याला काहीच वाटलं नाही.

मग तो दुसऱ्या राणीचे हात रंगवायला बसला. बोटं झाली, नखं झाली, आणि अंगठ्यावर येताच ब्रशने आपणहून ती आडवी रेघ ओढली. सहदेव बघतच राहिला. घरात कुठेच न सापडलेली सुलक्षणा इथे मांडीवर हात ठेवून बसली होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्याला ती हवीशी वाटली. त्याने चिंधी घेतली आणि पहिल्या राणीच्या अंगठ्यावरचा ओला रंग टिपून काढला. खालचा व्रण जसाच्या तसा होता.

जयवंत मागे येऊन उभा राहिला. "अरे, हे काय? पार्टीला काय सांगू मी?"

"सांग, राणी स्वतः भाजी चिरायची," सहदेव म्हणाला, आणि चिंधी तोंडाला लावून रडायला लागला.