वाळल्या हाडाचा आकडा

डोकेवाले सर माणसाचं आधी डोकं बघत, मग तोंड. खिशात कायम शिंप्याची टेप. प्रताप नगरला मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते, तेव्हा त्यांनी दूधवाल्याचंही डोकं मोजलं. तो मला म्हणाला, "काहून वं बाई, सर टोपी शिवून राहिले का माह्यासाठी?"

सर कॉलेजात शिकवत. तिथल्या कम्प्युटरवर ते माणसाचं डोकं बनवत होते, नुसत्या आकड्यांचं. एकात एक तीन गोळे: आत मेंदू, मग कवटी, वर कातडी. कम्प्युटरला गणित भोकं पाडलेल्या कार्डांवर द्यावं लागे. ती कार्डं खोक्यात भरून सायकलवर न्यायची आणि आठवड्याने उत्तर आणायचं. एक भोक चुकलं की आणखी आठवडा. मी विचारलं, "इतकं करून समजते काय, सर?"

"मेंदूत वीज असते, यशोदाबाई. बाहेर कातडीवर ती मोजता येते. त्यावरून ती आत कुठे उठली ते शोधतो."

माझ्या पुष्पाला मिरगी होती. बारा वर्षांची पोर, एकदा झटक्यात हात चुलीत गेला. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, मेंदूतली जागा नक्की कळली तर मद्रासला ऑपरेशनला पाठवू, नाहीतर नाही. हे मी सरांना सांगितलं. त्यांनी पुष्पाचं डोकं तीनदा मोजलं, दवाखान्यातून तिच्या मेंदूच्या विजेचा कागद मागून आणला. वर्ष गेलं. एका दुपारी तिच्या उजव्या कानामागे बोट ठेवून म्हणाले, "इथे." डॉक्टरांनीही ते मानलं आणि मी मद्रासची पेटी भरली.

जायच्या आठ दिवस आधी सर आमच्या दारात आले. आधी कधी आले नव्हते. कवटीतून वीज किती जाते, तो आकडा त्यांनी ओळखीने मिळवलेल्या एका वाळल्या कवटीवर मोजला होता. जित्या, ओल्या हाडातून कितीतरी जास्त जाते, हे त्यांना आता कळलं होतं.

"मग नव्या आकड्यानं करा ना जी."

"केलं. आता तीन जागा निघतात. तिन्हींतून कुठूनही वीज उठली तरी बाहेर कातडीवर सारखीच दिसते. खरी कोणती, मला सांगता येत नाही."

"मेलेल्याचं हाड घेतलं काहून? माही पोरगी जिती हाय!"

"हाती लागलं ते घेतलं," सर म्हणाले. पुष्पा आतून ऐकत होती.

दवाखान्यातही त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. मद्रास रद्द झालं. मी काम सोडलं नाही. सोडून पोट कशावर भरणार? महिनाभर मात्र त्यांच्याशी बोलले नाही. त्यांची कार्डं चालूच होती. पुष्पाचे झटकेही.

एकोणिसाव्या वर्षी ती पाण्याच्या टाक्यावर कपडे धुताना झटका येऊन आत पडली. मी बाजारात होते.

सर मातीला आले, मागे उभे राहिले. पाचव्या दिवशी मी कामावर गेले. त्यांनी दार उघडलं, पण मला आत येऊ देईनात.

"मी तेव्हा गप्प बसलो असतो तर, यशोदाबाई?"

ऑपरेशनने ती वाचली असती, की टेबलावरच गेली असती? मी खरं तेच बोलले. "मले नाही माहीत, सर."

त्यांनाही माहीत नव्हतं. ते बाजूला झाले आणि मी आत जाऊन कणीक मळायला घेतली.