वीतभर जादा पन्हा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. अणदूरच्या खंडोबापुढं हात जोडून उभी राहिले तेव्हा त्यालाही नाही — देवाला न सांगता कळतं, असं म्हणून तिथूनही निसटले. आज तुम्हाला सांगतेय. आजच का, ते मलाही नीट सांगता यायचं नाही.

आधी उंचीचं बोलते. तुम्ही म्हणाल, उंचीचा इथं काय संबंध? आहे. सगळा तिचाच आहे.

मी आमच्या गावातल्या निम्म्याअधिक गड्यांपेक्षा उंच. या घरात मला दिली तीसुद्धा याच कारणानं — इथले दोघे भाऊ उंच, त्यांना तशाच बायका हव्या होत्या. थोरलीला आधीच करून आणलं होतं. ती माझी थोरली जाऊ, अक्का. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्याशेजारी उभी राहिले आणि मला कुणाशी बोलताना मान खाली घालावी लागली नाही, तो दिवस मला अजून आठवतो.

दुकानात लुगडं घेताना सगळे वार मोजतात. पन्हा कोण विचारतं? पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. बाई कमरेपासून खाली किती झाकली जाणार, ते त्या रुंदीवर. आमच्या घरात कासोटा घालत नसत, गोलच नेसायचं. त्यामुळं नऊ वार असू दे नाहीतर पाच, पन्हा अपुरा पडला की घोटे उघडे. त्यात तो दुष्काळ. सोसायटीत कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, साड्या यायच्या, त्या अजून अरुंद. इतर बायकांना पुरायच्या. अक्काला आणि मला निम्म्या पोटरीपर्यंत.

खडी फोडायच्या कामावर आम्ही दोघी जायचो. मुकादम पहिल्याच दिवशी म्हणाला, "काय लंबूबाई, धाकट्या बहिणीची साडी नेसून आलाव व्हय?" सगळी रांग हसली. मी रडकुंडीला आले. अक्का मात्र हातोडी खाली न ठेवता म्हणाली, "व्हय मुकादम. तुमची पगडीबी थोरल्या भावाचीच दिसतीया, कानावर आलीया की." पुन्हा सगळी रांग हसली. मुकादमसुद्धा.

तिनंच मला जोड द्यायला शिकवलं. जुन्या धोतराची वीतभर पट्टी साडीच्या वरच्या काठाला शिवायची — खालच्या नाही. वरचा काठ कमरेत खोचला जातो, जोड आत लपतो, आणि साडी तेवढी खाली उतरते. "लोकांनी काठ बघावा. जोड आपल्याला ठावं असला म्हंजे झालं," ती म्हणायची. दुपारी कामावर वाटलेली सुकडी खाऊन झाली की बाभळीखाली बसून तिनं माझ्या दोन साड्यांना जोड दिले. स्वतःच्या एकीलाच दिला. धोतर तेवढंच होतं.

तिच्याजवळ एकच लुगडं असं होतं की जे जोडाशिवाय पुरायचं. तिचा भाऊ शंकर सोलापूरला विणकर सोसायटीत मागावर होता. कापडाची रुंदी मागाच्या फणीवर ठरते; बहिणीसाठी त्यानं मोठी फणी बसवून घेतली आणि सुट्टीच्या दिवसांत वीतभर जादा पन्ह्याचं लुगडं विणलं. हिरवं, लाल काठाचं. पदराच्या टोकाला एकच पिवळा दोरा, आडवा. ती बहिणीची खूण. अक्कानं ते एकदाच नेसून बघितलं, माझ्यापुढं, दार लावून. तिचे पाय दिसेनात. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो. मग तिनं घडी घातली आणि माहेरच्या लाकडी पेटीत ठेवलं.

"कमळे, सवाष्ण मेले तर मला हेच नेसव," ती म्हणाली. "जल्मभर पाय उघडे राह्यले. जाताना तरी झाकून जाऊ दे. दुसऱ्या कुणाला सांगत न्हाय. त्यांना कळायचं न्हाय."

मी हो म्हटलं.

ती त्याच उन्हाळ्यात गेली. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी सकाळी संपलं. दुपारच्या आत उचलायचं ठरलं. शंकरला निरोप गेला, पण ऊन असं की त्याची वाट बघणं शक्य नव्हतं. बायकांनी तिला न्हाऊ घातलं. सासूबाई म्हणाल्या, "कमळ, तिच्या भावाचं लुगडं आण. माहेरचंच नेसवू."

मी आतल्या खोलीत गेले. पेटी उघडली. लुगडं वरच होतं.

आता मी काय सांगू तुम्हाला? कुणी माझा हात धरला नव्हता. डोळ्यांपुढं अंधारी आली नव्हती. मी घडीवर हात ठेवला आणि माझ्या मनात आलं — हे जळणार. एवढंच. मग मी ते उचललं, धान्याच्या कणगीत रिकाम्या पोत्यांखाली दडपलं — कणगी त्या वर्षी रिकामीच होती — आणि बाहेर येऊन म्हणाले, "आत्याबाई, वाळवीनं चाळण केलीया त्याची."

इतकं सरळ म्हणाले! माझाच आवाज ऐकून मी चरकले. वाटलं, कुणीतरी आत जाऊन बघेल. कुणी गेलं नाही. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग मी माझी कोरी साडी आणली, सोसायटीतली, अजून जोड न दिलेली. आणि ऐका — बायकांनी माझं कौतुक केलं. "सोताची कोरी साडी दिली बगा जावंला. अशी जाऊ मिळाय पुण्याई लागती."

ती साडी पुरली नाही. कशी पुरणार? मला जी पुरत नव्हती ती तिला पुरणार होती का? सासूबाईंनी खाली ओढली तर कंबर उघडी पडायला लागली. वर घेतली तर पाय. शेवटी पायच उघडे राहिले, निम्म्या पोटरीपर्यंत. खडीनं फुटलेल्या टाचा, झिजलेली जोडवी. वर कापड घातलं तेही वारा उडवायचा. शेजारची चंद्राबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "मेल्यावर तरी पुरंल म्हनलं, तर न्हाय गं बाई."

मी तिथंच उभी होते. बोलले असते तर? कणगी दहा पावलांवर होती. पुरुष अजून बाहेर बांबू बांधत होते, वेळ होता. मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा मिटलं. मग तिला उचललं. वळणाआड होईपर्यंत मला तिचे पायच दिसत राहिले.

तिसऱ्या दिवशी शंकर आला. रडून झालं, पाणी पिऊन झालं, मग ओसरीच्या कडेला मला गाठून हळूच विचारलं, "ताई, ते लुगडं नेसवलं न्हवं तिला?" त्याला वाळवीचं कुणी सांगितलं नव्हतं. वाळवीनं खाल्लं, एवढं त्यालाही सांगता आलं असतं. खोटंच, पण निदान एकच खोटं राहिलं असतं. मी म्हणाले, "व्हय. पाय झाकले."

तो माझ्या पाया पडला. माझ्याहून वयानं मोठा माणूस! आणि वाकला तेव्हा त्याला माझे घोटे दिसले असणार. उठून म्हणाला, "तुमालाबी पन्हा पुरत न्हाय जनू. फणी अजून मोडली न्हाय मी. विनतो की तुमच्यासाठी."

कळतंय का तुम्हाला? तो कधीही विणून देणार होता. नुसतं तोंड उघडायचं होतं.

नागपंचमीला एस.टी.नं पुडकं आलं. हिरवं, लाल काठाचं, वीतभर जादा पन्ह्याचं. फक्त पदराला पिवळा दोरा नव्हता. सोबत चिठ्ठी — आता अक्का तुम्हीच. पुढं दर पंचमीला काही ना काही येत राहिलं. खण, सोलापुरी चादर, एकदा नुसत्या बांगड्या.

ते लुगडं नेसून मी गावातल्या दूध सोसायटीच्या सभेत पहिल्यांदा खुर्चीवर बसले. पाय खुर्चीखाली न ओढता बसले. आणि मग — लाज कुठवर टिकते बघा — दोन वर्षांनी कणगीतलंही काढलं. दोन्ही दिसायला एकसारखी. गावाला वाटायचं, हिला एकच चांगलं लुगडं आहे. कुठलं कधी नेसले, माझं मला ठाऊक. पिवळा दोरा उसवून टाकावा म्हणून एकदा सुई घेऊन बसले. पण तो शिवलेला नव्हता, विणलेला होता. काढायला गेलं तर पदरच सुटायला लागला. सोडून दिलं. दोऱ्याकडं कोण बघतंय?

पुढं माझी लेक लग्नाला आली. आदल्या दिवशी एका लुगड्यावर हळद सांडली, म्हणून लग्नात मी दुसरं नेसले. खरं सांगते, त्या गडबडीत कुठलं कुणाचं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. इतक्या वर्षांत ते माझंच होऊन गेलं होतं.

आहेर सुरू झाले. पुकारा झाला — नवरीच्या आईला भावाचा आहेर. शंकर पुढं आला. केस पिकलेले, हातात नव्या लुगड्याची घडी. माहेरचा आहेर कुणी हातात घेत नाही, पदर पसरून घेतात. मी पदर पसरला.

पसरला, आणि त्याच्या डोळ्यांपुढं तो पिवळा दोरा आला.

विणणाऱ्याला आपलं काम ओळखायला किती वेळ लागतो? त्यानं घडी धरलेला हात तसाच ठेवला. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं दोरा चाचपला — या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी पदर धरून उभी. वाजंत्री चालू होती. माझ्या कानात काही शिरत नव्हतं. वाटलं, आता हा ओरडेल. ओरडावं, असंही वाटलं. चंद्राबाई मागनं म्हणाली, "घाला की दादा, बहिनीचा हात अवघडला."

त्यानं घडी पदरात ठेवली. माझ्या तोंडाकडं बघितलं नाही, खाली बघितलं. आणि हळू विचारलं, "पन्हा पुरतोय न्हवं?"

मी म्हणाले, "पुरतोय."

तो जेवला नाही. दुपारच्या एस.टी.नं गेला. पुढची पंचमी कोरी गेली. तिच्या पुढचीही.

तो निघाला तेव्हा मी मांडवाच्या दारात उभी होते. मान खाली घातली. लुगडं जमिनीला टेकलेलं होतं. माझे पाय दिसत नव्हते.