दोन बा

आमच्या घरात दोन बा होते. एक माझे वडील आणि दुसऱ्या माझ्या सासूबाई. आमच्या गावी, कोरीटला, बापाला बा म्हणतात आणि नवऱ्याचं घराणं सुरतेकडचं गुजराती, त्यांच्यात आईला बा म्हणतात. लग्न होऊन नंदुरबारला आले तेव्हा सासूला बा म्हणताना माझी जीभ अडखळायची, डोळ्यांपुढे बापाच्या मिशा यायच्या. पुढे बापच आमच्याकडे राहायला आला. मग अंगणातून कुणी ‘बा’ म्हटलं की दोन्ही खोल्यांतून ओ यायची. गल्लीतली माणसं जाता-येता मुद्दाम विचारायची, “काय व, बा उना का बा उनी?” आला की आली, एवढाच काय तो फरक. आपल्याच विनोदावर ती खुशाल हसायची आणि मी दार आपटायची.

बापाने लेकीच्या घरी येऊन राहायचं, हे तेव्हा कुणाच्या पचनी पडण्यासारखं नव्हतं. पण त्याला दुसरा रस्ता नव्हता. मी जातीबाहेर लग्न केलं, त्याला बाने होकार दिला, आणि भाऊबंदांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. आई गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मुलगा नाही, शेत पुतण्या कसायचा. मी बैलगाडी घेऊन गेले आणि त्याला उचलून आणलं म्हणा ना.

आणलं खरं, पण लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही हा त्याचा हट्ट. आम्हाला मूल नव्हतं, पुढेही झालं नाही. तो येताना स्वतःच्या शेतातल्या दादर ज्वारीचं पोतं घेऊन आला होता. धान्य माझं, म्हणाला, मग मी तुझं खात नाही. आणि भाकरी कोण करणार? माझा हात लागला की ते लेकीचंच अन्न झालं. मी संतापले. दोन दिवस तो शेंगदाणे-गूळ खाऊन राहिला, मी चुलीपाशी आदळआपट करत राहिले.

तोड काढली ती सासूबाईंनी. त्या म्हणाल्या, मी थापते भाकरी, मी कुठे त्यांची लेक आहे? त्यांचा जन्म गव्हाच्या पातळ रोटल्या लाटण्यात गेलेला. पहिल्या भाकरीचे तीन तुकडे झाले. बा चुलीजवळ बसून नुसत्या थापण्याच्या आवाजावर सांगायचा, पाणी कमी पडलं, पीठ आणखी मळा. त्या गुजरातीत उत्तर द्यायच्या, तो अहिराणीत बोलायचा. महिनाभरात भाकरी फुगायला लागली. भाकरी झाली की दोघं तिथेच बसून गप्पा मारायची. त्या त्याला दारातून कोण गेलं ते सांगायच्या, तो त्यांना वाऱ्यावरून पाऊस सांगायचा. व्याही-विहिणींनी एकमेकांसमोर कसं अवघडून वागायचं असतं ते दोघांनाही ठाऊक होतं, पण एका चुलीशी रोज बसल्यावर अवघडून किती दिवस राहणार? हाक मारायला शब्द नव्हता. म्हणून मी त्याला म्हणायची तेच त्या म्हणायला लागल्या, आणि जावई आईला म्हणायचा तेच तो. दोघंही एकमेकांना बा म्हणायची. तिने त्याला बाप केलं, त्याने तिला आई केलं. मला त्यात आजही काही वावगं दिसत नाही.

माझा नवरा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, टॉकीजचे बोर्ड करायचा. हात सोन्यासारखा, आणि तोंडाला मात्र लगाम नव्हता. त्याच्या एकदा लक्षात आलं की बाला माणूस दिसत नाही, पण दिव्यासमोरून कुणी गेलं तर सावली कळते. झालं, त्याला काही सुचलं. भाद्रपदात गल्लीच्या गणपतीपुढे दरवर्षी तो आरास करायचा. त्या वर्षी त्याने पुठ्ठ्याची माणसं कापली, हातपाय दोऱ्याने जोडले, पाठीला बांबूच्या कामट्या बांधल्या. पांढरं धोतर ताणून त्याचा पडदा केला आणि मागे गॅसबत्ती. आरती झाली की पुठ्ठ्याचं एक कुटुंब त्या पडद्यावर हलायचं-बोलायचं. रोज नवा भाग. नाव ठेवलं ‘दोन बा’. पोरासोरांसाठी हे नाही, मोठ्यांसाठी आहे, असं त्याने आधीच जाहीर केलं, त्यामुळे पोरं सगळ्यांत आधी येऊन बसली.

बाला आम्ही पुढे बसवलं. दोन वर्षांत त्याने काही पाहिलं नव्हतं. पडद्यावर पहिली सावली आली तेव्हा त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, मला दिसतंय. हे मी नवऱ्याच्या बाजूने सांगते आहे. त्याच्या मनात काय होतं ते मला माहीत आहे.

पहिल्या संध्याकाळी कुणीतरी ‘बा’ म्हणून हाक मारतं आणि दोन्ही बा दोन दारांतून धावत येऊन धडकतात. दुसऱ्या संध्याकाळी दुकानदाराला निरोप जातो, बाला धोतर द्या, बाला चोळी द्या, आणि जे व्हायचं तेच होतं. हसून हसून माझी मुरकुंडी वळली. त्यात माझीही सावली होती, पदर खोचलेली, हातात उलथनं, नवऱ्याच्या दुप्पट रुंद. सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, बा तर मांडीवर थापा मारत होता. पलीकडच्या गल्लीतले लोक येऊन भिंतीवर चढले.

तिसऱ्या संध्याकाळी घरातला दिवा विझतो. नवरा-बायकोला एकांत हवा असतो आणि म्हातारी माणसं झोपत नाहीत, असा तो भाग. नवरा विचारतो, बा निजला का? आतून बा म्हणते, कोणता बा? लोक वेडे झाले होते. मग दोन्ही बा अंधारात पाण्याचा माठ शोधायला उठतात, एकमेकांवर आदळतात आणि ओरडत दोन बाजूंना पळतात, असं ठरलेलं होतं. ती आदळली, पण दोरा दोऱ्यात अडकला. नवऱ्याने ओढलं तर दोन्ही सावल्या आणखी जवळ आल्या. तो सोडवायला झटके द्यायला लागला आणि त्या पडद्यावर एकमेकींना चिकटून हलत राहिल्या. कुणीतरी शिट्टी मारली. त्यानंतर जो हशा उसळला तो थांबेचना. दोरा अडकला हे कुणी मानलं नाही. आजही मानत नाहीत.

बा उठला. भिंतीला हात लावत घरी गेला. सासूबाई त्याच्या आधीच गेल्या होत्या.

सकाळी त्यांनी भाकरी थापली, ताट वाढून उंबऱ्याशी ठेवलं आणि आत जाऊन बसल्या. हाक मारली नाही. बाने ताटाला हात लावला नाही. नवरा त्याच्या पायाशी बसून रडला, धोतराचा पडदा फाडून चुलीत घातला. बा रागावला नाही, हेच वाईट झालं. दुपारी त्याने पुतण्याला निरोप धाडला आणि दिवे लागायच्या आत तो कोरीटला गेला. पोतं तसंच राहिलं. संध्याकाळी आरतीनंतर लोक पडद्याची वाट बघत बसले, आणि नाही म्हटल्यावर दोघं-तिघं आमच्या दारात येऊन विचारून गेले, पुढे काय झालं हो दोघांचं?

दसऱ्यानंतर सासूबाई म्हणाल्या, मला कोरीटला ने. भरदिवसा टांग्याने आम्ही गेलो. त्या पुतण्याच्या ओट्यावर बसल्या. बा आतल्या खोलीत होता, बाहेर आला नाही. पुतण्याची बायको पाणी देऊन दारात उभी राहिली, आजूबाजूच्या बायका जमल्या, पडद्याची गोष्ट तिथवर पोचलेलीच होती. सासूबाई सगळ्यांसमोर दाराकडे तोंड करून बोलल्या, “हसवा दो ने, बा. आपणे तो घरडां.” हसू दे लोकांना, आपण म्हातारी माणसं. मी आत गेले. बा भिंतीकडे तोंड करून बसला होता, खूप वाळला होता. पुतण्याच्या घरी त्याला कुणी उपाशी ठेवत नव्हतं, पण त्याच्याजवळ बसतही नव्हतं. मी चल म्हटलं.

“लोकेस्ले मन्ही सावली दिखनी,” तो म्हणाला. “आते मी तठे येवाव नही.”

लोकांना माझी सावली दिसली, आता मी तिथे यायचा नाही. ते बाहेर ऐकू गेलं. सासूबाई उठून टांग्यात जाऊन बसल्या.

त्या थंडीतच तो गेला. आमच्याकडे बाहेरगावच्या बायका दाराशी पोचल्या की मोठ्याने रडायला लागतात, आणि मेलेला आपला जो कोण असेल त्या नात्याने हाक घालून रडतात. भाऊ असेल तर भाऊ, काका असेल तर काका. मी रडत आत गेले. माझ्यामागून सासूबाई आल्या. घर बायकांनी भरलं होतं. व्याह्याच्या नावाने कुणी हाक घालून रडत नाही, विहिणीने गप्प बसायचं असतं. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं, की माहीत असून त्यांना गप्प बसायचं नव्हतं, कोण जाणे. त्यांनी डोक्यावरून पदर ओढला आणि “बा” म्हणून हंबरडा फोडला.

मागे बसलेली एक बाई फिसकन हसली. तिने लगेच तोंडात पदर कोंबला, पण तिच्या शेजारणीचेही खांदे हलायला लागले.

सासूबाई थांबल्या. त्यानंतर त्या वीस-बावीस वर्षं जगल्या, पण बासाठी त्या पुन्हा कधी रडल्या नाहीत. त्या दिवसाचं त्यांचं रडणं अर्धंच राहिलं.