आधी नाक, मग जीभ

"आधी नाक, मग जीभ," असं म्हणून सिस्टर ग्लास नाकाशी धरायच्या आणि डोळे मिटायच्या. कितीही तहान लागलेली असो, पहिला घोट लगेच घ्यायचा नाही.

त्या मिलिटरीच्या दवाखान्यात नर्स होत्या. रिटायर झाल्यावर धरमपेठेत दोन खोल्या भाड्याने घेऊन एकट्या राहत. लग्न केलं नव्हतं. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला जात असे. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत, मीही.

शनिवारी संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम असे. मिलिटरीच्या कँटीनमधली रम, लिंबू, साखरेचा पाक आणि बर्फ. तेव्हा घरोघरी फ्रिज नव्हते. बर्फ गाडीवरून आणून लाकडाचा भुसा धुऊन काढावा लागे. माप म्हणजे औषधाची रेघांची ग्लासी. हे सगळं फिरकीच्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून, डबा टॉवेलात गुंडाळून त्या कानाजवळ हलवायच्या. बर्फाचा आवाज बारीक झाला की गाळायच्या. याला डायकिरी म्हणतात, असं त्यांनी मला सांगितलं. हिवाळ्यात संत्र्याचा रस आणि वर जायफळ, ते पंच. पावसाळ्यात गरम पाणी, लवंग, दालचिनी, ती टॉडी. ग्लास मात्र एकच, आणि त्यालाच तास लागायचा.

मला याचं फार नवल वाटे. पिणारे लोक आमच्या वस्तीत पुष्कळ होते. तुम्हीही पाहिले असतील. ते तोंड वाकडं करून घशाखाली ढकलतात. ही बाई मात्र दारूची चव बघायची, आपण आमटीची बघतो तशी.

रम घालण्याआधी त्या लिंबू-पाकाचे दोन थेंब माझ्या तळहातावर देत.

"सांग वं, कसं झालं?"

"मले तं आंबट लागून राहिलं."

"किती आंबट? दोन्ही डोळे मिटते का एकच?"

मी चार लोकांत तोंड उघडत नसे. पण हे मला कोणी कधी विचारलंच नव्हतं. "एकच," मी विचार करून म्हणायची. त्या हसत आणि वरून थोडा पाक ओतत.

वरच्या मजल्यावर घरमालकीण काकू राहत. एकदा त्यांना कचऱ्यात रिकामी बाटली दिसली, तशा त्या जिना उतरून खाली आल्या.

"चैत्र झाला की खोल्या खाली करा. लोक मले विचारून राहिले, खाली कोणाले ठेवलं म्हणून."

सिस्टर "बरं" म्हणाल्या. त्या शनिवारी डबा निघाला नाही. खिडकीशी बसून मला एवढंच म्हणाल्या, "या वयात कोण देते वं मले घर?"

चैत्रातच काकूंकडे हळदीकुंकू होतं. दोन दिवस आधी त्यांचा हात मुरगळला आणि सून माहेरी गेलेली. सिस्टर न बोलावता वर गेल्या, पट्टी बांधू लागल्या आणि म्हणाल्या, "पन्हं मी करते." हात सिस्टरांच्याच हातात होता, काकू काय बोलणार?

कैऱ्या उकडून आम्ही पन्हं केलं. गूळ, वेलची, मीठ, केशराची काडी. मी चार वेळा चव सांगितली. मग बर्फ घालून डब्यातून हलवून वर नेलं.

बायका बसल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात ग्लास होता, पण एकीनेही ओठाला लावला नाही. वाटली डाळ मात्र संपली. एका बाईने ग्लास हळूच खुर्चीखाली सरकवला. दुसरी कुजबुजली, "त्या डब्यातलं आहे म्हणे." सिस्टर दाराशी ताठ उभ्या होत्या, वॉर्डात डॉक्टर आल्यावर नर्स उभी राहते तशा. मी रिकामा ट्रे छातीशी धरून होते. मला सांगायचं होतं की यात काही नाही, मी चाखलंय.

काकूंनी सगळीकडे नजर फिरवली. मग डाव्या हाताने आपला ग्लास उचलून अर्धा एका दमात प्यायल्या. थांबल्या. उरलेला प्यायल्या. आणि चेहरा पाडून म्हणाल्या, "अवं, यात तं काहीच नाही!"

आधी एक बाई हसली, मग सगळ्याच. खुर्चीखालचा ग्लासही वर आला. पातेलं रिकामं होईपर्यंत पन्हं गेलं.

चैत्र संपला. खोल्यांचं कोणी बोललं नाही. एका शनिवारी काकू खाली आल्या, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "प्यायची नाही हो मले. वास तेवढा दाखवा." सिस्टरांनी ग्लास पुढे केला. काकूंनी वास घेतला, पुन्हा घेतला. "बाई गं, गुळाच्या काकवीसारखा येते की हो!" त्यानंतर त्या दर शनिवारी येत. जिभेला कधी लावली का, ते मी बघितलं नाही. मी कणीक मळायला आत जायची.

पुढे काही वर्षांनी सिस्टर आजारी पडल्या. भाच्याने त्यांना खापरखेड्याच्या कॉलनीत नेलं. तिथून त्यांच्या जाण्याचीच खबर आली.

भाच्याने सामान हलवलं. काकूंनी मला खोल्या झाडायला बोलावलं. तेवढ्यात एक माणूस भाड्यासाठी चौकशीला आला. धुतलेली फरशी, उघड्या खिडक्या, सगळं त्याला दारातून दिसत होतं.

"खोल्या खाली आहेत ना?" त्याने विचारलं.

काकू उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. "नाही, अजून खाली नाही झाल्या," त्या म्हणाल्या.

आत मी एकटीच होते, हातात झाडू घेऊन.