रिकामी लाँच, भरलेली टपरी

धक्क्यावर माणसं रोज काहीतरी विसरून जातात. कोणी छत्री, कोणी पिशवी, कोणी किस्सा. छत्री न्यायला माणूस परत येतो. किस्सा न्यायला कोणी येत नाही, तो माझ्याकडेच राहतो. आता ठेवायला जागा उरली नाही, म्हणून सांगतो. मी फार शिकलेलो नाही. पेणच्या खाडीत आयुष्यभर तांडेल म्हणून होडी चालवली आणि कोणाला बुडवलं नाही. एवढं पुरे.

आमची होडी मध्ये बरीच वर्षं बंद होती. पलीकडच्या गावाला जायचं तर वडखळवरून वळसा. मग सरकारनं लाँच आणली. इंजिन नवं, बाकडी नवी, धक्का नवा. जुना फक्त मी.

लाँचच्या ऑफिसातल्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "तांडेल, पावसाळ्यापर्यंत बघणार. पॅसेंजर मिळाले तर चालू. नाहीतर लाँच दुसरीकडे."

ही गेली की मी असेपर्यंत तरी खाडीवर दुसरी यायची नाही. तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता.

*

इंजिनावर माणूस दिला तो रोह्याचा, सुभाष. आधी तिकडे कंपनीत शिफ्टला होता. पहिल्या दिवशी हेल्मेट घालून लाँचवर आला!

मी विचारलं, "खाडीत डोक्यावर काय पडणार?"

"सेफ्टी असते, तांडेल."

मिठागरात काम करणारी हिराबाय समोर बसली होती. तिनं वर बघितलं. बगळ्यांचा थवा चालला होता.

"घाल रं बाबा, घाल," ती म्हणाली. "बगल्यांचा काय भरोसा नाय!"

दुपारी तिचं खरं झालं. फक्त बगळ्याचा नेम चुकला. सुभाषनं मला रुमाल पुढे केला. मी घेतला नाही.

*

जुन्या धक्क्याला ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखल असायचा. होडीत चढायचं म्हणजे चपला हातात आणि कपडे वर खोचलेले. नवा धक्का पाण्यावर तरंगतो. चिखलाचा ठिपका नाही. तरी उद्घाटनाच्या दिवशी सगळी माणसं चपला हातात घेऊनच चढली! सवय. कासूचा गणपत, जो पलीकडे वाल विकायला जातो, त्यानं तर पँट मांडीपर्यंत दुमडली होती.

प्रमुख पाहुणे भारावून गेले. "बघा, लाँचला देवळासारखा मान देतात!" म्हणाले आणि स्वतःचे बूट काढले. मग साहेबांनी काढले. मग सगळ्या ऑफिसनं काढले.

धक्क्यावरचा पत्रा उन्हानं तापलेला. एवढं छोटं भाषण मी जन्मात ऐकलं नाही.

*

लाइफ जॅकेट घालायचंच, असा नियम. एकदा गणपत उतरताना काढायला विसरला आणि तसाच पलीकडच्या बाजारात जाऊन बसला. परतीच्या फेरीला आला तो हसत.

मी दरडावलं, "जॅकेट काढ आधी!"

"काढतो की. पण तांडेल, उद्या पन द्या. आज कोनी घासाघीसच केली नाय. सगली मला सरकारी मानूस समजली!"

*

आता खरी डोकेदुखी.

जुनी होडी भरल्याशिवाय सुटत नसे. म्हणून आधी येऊन कोणी बसत नसे. उगाच उन्हात कशाला बसायचं? धक्क्यासमोरच्या चहाच्या टपरीवर बसायचं, होडीवर नजर ठेवायची, भरत आली की उठायचं. आज्यापणज्यांपासून हीच रीत.

नवी लाँच घड्याळावर सुटते. पण टपरी काही उठेना. लाँच रिकामी म्हणून कोणी येईना आणि कोणी येईना म्हणून लाँच रिकामी. मी भोंगा दिला. कोणी मान वळवली नाही. वेळ झाली, मी दोर सोडायला लावला. लाँच सुटली तशी सगळी टपरी धावत आली!

"ओ तांडेल! आमी हाय ना हितं!" गणपत ओरडला.

"लाँचमध्ये बसलात तर दिसाल!"

"आवो, रिकामी कुठं घेऊन चाललाव? भरू तरी द्या!"

रोज हेच. साहेब तिकिटांवरून माणसं मोजायचे ती लाँचमधली. टपरीवरची नाही. मी धक्क्यावर इकडून तिकडे फेऱ्या मारायचो. सुभाष म्हणायचा, "तांडेल, लाँचपेक्षा तुमच्याच फेऱ्या जास्त होतात."

*

सुभाषनं एक युक्ती काढली. लाइफ जॅकेटं बाकड्यांच्या पाठींना बांधली. वर कुठे टोपी ठेवली, कुठे मडकं, एकावर त्याचं हेल्मेट. टपरीवरून बघणाऱ्याला वाटावं, लाँच भरत आली. मला पटलं नाही, पण मी अडवलं नाही. इलाज नव्हता.

टपरीवर हालचाल झाली. हिराबाय उठली, डोळ्यांवर हात धरून तिनं बघितलं आणि बाकीच्या बायकांना म्हणाली, "बसा गो. भरली ती. दुसऱ्या फेरीला जाऊ."

सगळ्यांनी आणखी एक चहा सांगितला!

*

आणि मग साहेब यायचे ठरले. स्वतः लाँचमध्ये बसून बघणार, मग निकाल.

मी कोणाच्या विनवण्या करत नाही. आदल्या दिवशी टपरीवर गेलो आणि उभ्याउभ्या सांगितलं, "उद्या लाँच रिकामी दिसली की गेली. मग जा वडखळवरून." मी मागे न बघता निघालो.

दुसऱ्या दिवशी लाँच वेळेआधीच भरली. हिराबाय पहिल्या बाकड्यावर. गणपत वालाच्या पोत्यासकट. टपरीवर चिटपाखरू नाही.

साहेब आले. गाडीतून उतरले, लाँचकडे बघून खूश झाले आणि म्हणाले, "अरे वा! वेळ आहे ना अजून?"

"थोडा आहे," मी म्हटलं.

ते टपरीवर चहाला बसले.

मी भोंगा दिला. साहेबांनी नुसता हात वर केला. दुसरा भोंगा दिला. साहेब बशीत चहा ओतत होते.

सुभाष माझ्या तोंडाकडे बघायला लागला. "तांडेल, साहेब राहिलेत."

"सुटायची वेळ कोणी ठरवली?"

"साहेबांनीच."

"मग सोड दोर."

साहेब धावत आले, पण मध्ये चार हात पाणी पडलं होतं. "अहो, थांबा! मी आहे इथं!"

हिराबाय बाकड्यावर उभी राहिली. "दुसऱ्या फेरीला या, सायेब! आमी पन तेच करतो!"

लाँचभर हशा झाला. मी हसलो नाही. सुकाणू पलीकडच्या धक्क्याकडे वळवलं. मधल्या खाडीत सुभाष हळूच म्हणाला, "गेली आपली लाँच."

मी म्हटलं, "इंजिन बघ."

साहेब आम्हाला गाठायला गाडीनं निघाले. वडखळच्या नाक्यावर अडकले. आम्ही माणसं उतरवली, परत आलो, दुसरी खेप घेऊन पुन्हा पलीकडे गेलो आणि लाँच बांधून उभे राहिलो, तेव्हा कुठे त्यांची गाडी पोचली. शर्ट पाठीला चिकटलेला, केसांत धूळ.

माझ्याशी बोलले नाहीत. सुभाषकडे बघितलं नाही. ड्रायव्हरला म्हणाले, "तू गाडी घेऊन ये." सरळ चालत आले आणि लाँचमध्ये चढले. एकही माणूस नव्हता. पहिल्या बाकड्यावर बसले आणि बॅग मांडीवर घेतली.

मी म्हटलं, "साहेब, सुटायला बराच वेळ आहे. चहा इकडे पण मिळतो."

साहेबांनी दोन्ही हातांनी बाकडं धरलं.

"नको," म्हणाले.