पोट सुटलेला पाच

लिटल हॅम्बोर्न या गावात नावात 'जुनी' असल्याशिवाय घराला मान नाही. 'जुनी बेकरी'तली मंडळी पाव शहरातून आणतात आणि 'जुनी लोहारशाळा' या घरातल्या साहेबांना भिंतीत खिळा ठोकायलाही माणूस बोलवावा लागतो. अशा थोर घरांचा इतिहास लिहायला हेस्टर पोकॉकने बावीस वर्षं घातली. जन्मभर टपाल वाटल्यामुळे कुठल्या दाराआड काय शिजतं हे तिला पाठ होतं.

सगळ्यांत थोर घर म्हणजे मॅनर, जमीनदाराचा वाडा. दारावर दगडात साल कोरलेलं, १५६२. नवे मालक चॅलिनरसाहेब लंडनहून आले ते त्या सालावरच भाळून. पाहुण्याला आधी साल दाखवायचं, मगच चहा विचारायचा.

ते साल हेस्टरच्या आजोबांनी कोरलेलं होतं, १९०८ मध्ये, तेव्हाच्या मालकाची हौस म्हणून. जेबेझ पोकॉक गावचा पाथरवट. त्याने कोरलेला पाचाचा आकडा पोट सुटलेला असायचा, दारावरच्या सालातलाही. चर्चच्या आवारातल्या निम्म्या थडग्यांवर तोच पाच आहे. पण साडेचारशे वर्षांचा अभिमान मिरवताना मान खाली घालून थडगी कोण बघतो? जेबेझच्या स्वतःच्या थडग्यावर मात्र दगडच नाही. गावात कोरणारा तो एकटाच, आणि तोच गेला.

हेस्टरने हे सगळं एका ओळीत लिहिलं: 'मॅनरच्या दारावरचं साल जेबेझ पोकॉक यांनी १९०८ मध्ये कोरलं.'

छपाईचा खर्च चॅलिनरसाहेब देणार होते. कच्ची प्रत वाचून ते स्वतः आले नाहीत, चर्चच्या व्हिकरना, म्हणजे पाद्रीबुवांना, पाठवलं. व्हिकर दोन बिस्किटं संपेपर्यंत हवापाण्यावर बोलले.

"हेस्टर, बावीस वर्षांची मेहनत गं तुझी. एका ओळीपायी वाया घालवणार?"

"ओळ खोटी आहे का, व्हिकरसाहेब?"

"खोटी नाही गं, पण... शोभत नाही. त्यांच्या घराची किंमत उतरेल. आणि पुस्तकात आहे की एवढं सगळं! ती ओळ काढली तर कुणाला कळणार आहे?"

हेस्टरला राग आला, आणि रागापेक्षा रडू जास्त आलं. तिने व्हिकरच्या हातातून बाड काढून घेतलं.

"चॅलिनरसाहेबांकडे चौदा खोल्या आहेत," ती म्हणाली. "माझ्या आजोबांकडे अख्ख्या गावात ही एक ओळ आहे. ती राहू द्या."

पुस्तक छापलं गेलं नाही. बाड हेस्टरच्या स्वयंपाकघरात असतं, ज्याला वाचायचंय त्याने तिथे येऊन वाचावं.